वाडा कुठे आहे?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून रविवारी आत शिरणाऱ्या कुटुंबांकडे कधी नीट पाहिले आहे काय? मुलाचा हात धरून वडील पुढे असतात, मागून पाण्याची बाटली आणि खाऊची पिशवी सांभाळत आई येते, कधी गावाहून आलेली आजी सोबत असते. दरवाजाच्या फळ्यांवरचे पोलादी खिळे पाहून मुलगा हरखतो. हत्तीने धडक मारली तर त्याच्या कपाळात रुतावेत म्हणून हे खिळे, असे वडील सांगतात. मान वर करून सगळे नगारखाना पाहतात, अंधाऱ्या वळणावरून आत येतात आणि एकदम उजेडात उभे राहतात. समोर हिरवळ, काही झाडे, दगडी चौथरे, कारंज्याचे कोरडे कुंड. मुलगा इकडेतिकडे पाहतो आणि विचारतो, “बाबा, वाडा कुठे आहे?”

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत हा प्रश्न मी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या तोंडून ऐकला. वडिलांनी “जळला रे” एवढेच उत्तर दिले आणि सगळी मंडळी तटावर चढून फोटो काढायला गेली. उत्तर चुकीचे नव्हते. पण तेवढ्यात सगळे आले असेही नव्हते. तो प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. या शहराने गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कसे दिले, आणि आज ते कसे द्यावे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे असे वाटते.

वेळ आली आहे असे म्हणण्याला निमित्तही तसेच आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी अशी ती मालिका आहे. महाराष्ट्रात आनंद झाला आणि तो रास्तच होता. या यादीत शनिवारवाडा नाही, आणि तो नसण्यात काही अन्यायही नाही. ती मालिका डोंगर, जंगल आणि समुद्र यांचा लढाईसाठी उपयोग करून घेणाऱ्या दुर्गविद्येची आहे. शनिवारवाडा सपाटीवरचा, शहराच्या मध्यभागी उभारलेला राजकीय वाडा. पण किल्ल्यांच्या आनंदात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. या किल्ल्यांतून जे राज्य जन्माला आले, त्याचा अठराव्या शतकातला कारभार ज्या एका आवारातून चालला, ते आवार आपल्या रोजच्या बसच्या रस्त्यावर आहे. आणि त्याकडे आपण सभेची जागा, भेटण्याची खूण किंवा वाहतुकीचा अडथळा म्हणून पाहत आलो आहोत.

सोळा हजार रुपयांचा वाडा

पायाभरणी झाली १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच. पहिल्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्याला खर्च आला १६,११० रुपये. जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीकडचा चुना यांतून तो उभा राहिला. मूळचा वाडा आजच्या तटबंदीएवढा नव्हता. १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीरावांचे निधन झाले, त्यानंतर नानासाहेबांनी तो वाढवला आणि तटाबुरुजांचे काम पुरे झाले. नऊ बुरूज आणि पाच दरवाजे: उत्तरेकडे तोंड असलेला दिल्ली दरवाजा, मस्तानी अथवा अलीबहादूर दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ अथवा नारायण दरवाजा.

वाड्याविषयी एक गोष्ट पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सबंध वाडा दगडात बांधण्याचा बेत होता. शाहू छत्रपतींच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांनी, दगडी इमारत बांधण्याचा मान राजाचा, असे कळवले. म्हणून खालचे काम दगडी आणि वरचे विटांचे झाले. दुसरी गोष्ट दिल्ली दरवाजाची. उत्तरेकडे एवढा मोठा दरवाजा म्हणजे दिल्लीच्या पातशहाला आव्हानच, म्हणून तेही काम काही काळ थांबले म्हणतात. गोष्टी जशाच्या तशा घडल्या असोत वा नसोत, त्यांत एक खरा पेच दडला आहे. छत्रपती साताऱ्याला, कारभार पुण्याला, आणि दिल्लीचा पातशहा नावाचा का होईना, पण अजून गादीवर. तटाचा दगड आणि वरची वीट यांच्या सांध्यात त्या वेळचे सगळे राजकारण दिसते. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावण्याऐवजी तो सांधा बोट लावून दाखवला, तर इतिहास लवकर कळेल.

आत काय होते? जुना आरसेमहाल, नाचाचा दिवाणखाना, गणेश रंगमहाल, आणि मेघडंबरी नावाची अनेक मजल्यांची उंच इमारत, जिच्या माथ्यावरून आळंदीच्या मंदिराचा कळस दिसे असे सांगतात. हजारी कारंजे बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केले, सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे. त्याच्या कोरड्या कुंडाकडे आज पाहताना एक विचारावेसे वाटते: या कारंज्यात पाणी यायचे कुठून? नदी तर खाली. पाणी यायचे कात्रजहून. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडविटांचा नळ शहरापर्यंत आणला गेला. त्याच पाण्यावर काळा हौद, बदामी हौद भरत आणि पेठांतली माणसे घागरी भरून नेत. पेशव्यांच्या अंगणातले कारंजे आणि सामान्य माणसाच्या घरचा रांजण एकाच नळाच्या दोन टोकांना होते. वाडा आणि शहर या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या, हे त्या नळाइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही. पुढच्या विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी वाचकांना विनंती आहे.

या आवाराने वैभव पाहिले तसेच दुःखही पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. “काका, मला वाचवा” ही आरोळी अमावास्येला अजून ऐकू येते, असे सांगून आमची आजी आम्हांला घाबरवीत असे. आज इंटरनेटवरही शनिवारवाड्याची ओळख बहुधा ‘भुताची जागा’ अशीच होते, हे आपल्या इतिहासप्रेमाचे दुर्दैवच. त्याच प्रसंगात रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना दोषी धरले. आरोळीची गोष्ट घरोघर झाली. न्यायाधीशाने सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवले ही गोष्ट मात्र त्या आवारात उभे राहून कोणी मुलांना सांगत नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये एकवीस वर्षांचे सवाई माधवराव याच वाड्यात वरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी गेले. पुढे खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढवणारे बाळाजीपंत नातू पुणेकरच होते, हेही विसरता येत नाही.

इंग्रजी अमलात वाड्याच्या काही भागांत तुरुंग आणि दवाखाना आला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि सात दिवस धुमसत राहिली. सागवानी खांब, तुळया, कोरीव छते सारे गेले, दगड राहिला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे आतल्या मोकळ्या जागेचा सरकारी कामासाठी वापर होत राहिला. १९१९ मध्ये ते संरक्षित स्मारक झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मातीखालची जोती, हौद, कारंजी खोदून उघडी केली गेली. आज आपण पाहतो ते त्या खोदकामातून निघालेले जोत्यांचे नकाशे. एखाद्या घराची फक्त पायवाट आणि उंबरठे उरावेत तसे.

हनोईतला खड्डा

व्हिएतनाम म्हटले की मराठी माणसाला हल्ली एकच गोष्ट आठवते. त्या देशाने अमेरिकेला हरवले ते शिवछत्रपतींच्या गनिमी काव्याची प्रेरणा घेऊन, असा मजकूर मोबाईलवरून वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला पुराव्याचा आधार नाही. पण त्यांनी आपल्याकडून काय घेतले याची चर्चा बाजूला ठेवून, आपल्याला त्यांच्याकडून काय घेता येईल हे पाहिले तर हाती काही लागेल. कारण ‘वाडा कुठे आहे?’ हाच प्रश्न त्यांच्या राजधानीपुढेही उभा होता.

इ.स. १०१० मध्ये ली थाय तो या राजाने आपली राजधानी होआ लू येथून आजच्या हनोईच्या जागी आणली आणि तिचे नाव ठेवले थांग लोंग, म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन. ली, त्रान आणि ले अशा राजघराण्यांनी तेथून राज्य केले. १८०२ मध्ये न्युएन घराण्याच्या ज्या लोंग या सम्राटाने राजधानी मध्य व्हिएतनाममधील ह्वे येथे नेली आणि हनोईचा राजकोट ओस पडू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी त्याचा बराचसा भाग पाडून आपल्या फौजेच्या बराकी उभारल्या. उरले ते किती? दोआन मोन हा दक्षिणेचा दरवाजा, उत्तरेचा दरवाजा आणि त्याच्या भिंतीवर १८८२ च्या फ्रेंच तोफांनी पाडलेल्या खोका, १८१२ चा निशाणाचा मनोरा, आणि किन्ह थिएन या मुख्य महालाच्या पायऱ्यांवरचे पंधराव्या शतकातले दगडी ड्रॅगन. महाल नाही, पायऱ्या आहेत. शनिवारवाडा पाहिलेल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

२००२ साली हनोईत नव्या संसदभवनाची तयारी सुरू झाली. होआंग ज्यू रस्त्यावर अठरा क्रमांकाच्या जागेत बांधकामाआधी पुरातत्त्वाचे खोदकाम करण्यात आले. मातीचा एक थर काढावा तो खाली दुसरा निघावा, असे होत होत सातव्या शतकापर्यंत थर लागले. महालांच्या खांबांचे पाये, विटांच्या फरसबंद्या, विहिरी, गटारे, चिनी मातीची भांडी, भाजलेल्या मातीचे ड्रॅगन आणि पक्षी. एकावर एक अशा निरनिराळ्या घराण्यांच्या राजधान्या त्या खड्ड्यात सापडल्या.

यानंतर जे झाले ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. संसदभवन ही काही साधी इमारत नव्हे, आणि तेथील सरकारला विरोधाची सवय आहे असेही नाही. तरीही तज्ज्ञ आणि जाणकार बोलले, वाद झाले, आणि खोदकामाची मुख्य जागा मोकळी ठेवून संसदभवन शेजारी उभारण्याचे ठरले. २०१० मध्ये, राजधानीला हजार वर्षे पुरी होत असतानाच, थांग लोंगच्या राजकोटाचा मध्यभाग जागतिक वारशाच्या यादीत आला. नवे संसदभवन २०१४ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या तळघरात, त्याच जमिनीतून निघालेल्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले गेले. वर आजचे राज्य, खाली हजार वर्षांपूर्वीचे. सगळेच वाचले असे नाही, तडजोड झालीच. पण ती उघड्या डोळ्यांनी झाली.

ह्वे येथे तर त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकोणिसाव्या शतकातला तो विशाल राजकोट १९४७ च्या आणि १९६८ च्या लढायांत जळाला, उद्ध्वस्त झाला. १९९३ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. तेथील किएन त्रुंग हा १९४७ मध्ये नष्ट झालेला महाल जुनी छायाचित्रे आणि जोती यांच्या आधारे पुन्हा बांधून २०२४ मध्ये लोकांसाठी खुला करण्यात आला. हे करावे की करू नये यावर जगभरच्या जाणकारांत दोन मते आहेत. नवा महाल कितीही हुबेहूब केला तरी तो नवाच, असे एक मत. ओस चौथऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला काहीतरी दिसले पाहिजे, असे दुसरे.

येथे एक गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटेल आणि थोडी अंतर्मुखही करील. व्हिएतनाममध्ये मी सन येथे चंपा राज्यातील शिवमंदिरांचा समूह आहे. त्यांच्या दुरुस्तीचे काम अलीकडच्या वर्षांत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने केले, आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातले एकसंध दगडी शिवलिंग मिळाले. शनिवारवाडा याच खात्याच्या ताब्यात आहे. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत, दूरदेशी जाऊन काम करण्याची उमेद आहे. मग अडते कुठे?

शंभर मीटरचे वर्तुळ

अडते कुठे हे पाहायचे तर तटाच्या आत नव्हे, बाहेर पाहिले पाहिजे. प्राचीन स्मारकांविषयीचा मूळ कायदा १९५८ चा. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा परिसर नियंत्रित ठरला. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम नाही, जुने पाडून तेथेच पुन्हा बांधणे नाही. परवानगी घेऊन फक्त दुरुस्ती. हेतू चांगला होता. देशात अनेक स्मारकांना टोलेजंग इमारतींनी गिळले आहे, आणि हा कायदा नसता तर दिल्ली दरवाजाच्या डोक्यावर आज बारा मजल्यांची काचेची इमारत उभी दिसली असती, हे मान्य केले पाहिजे.

पण मोकळ्या माळावरच्या लेण्याला आणि तीनशे वर्षे नांदत्या पेठेच्या मधोमध असलेल्या वाड्याला एकच फूटपट्टी लावली की काय होते, ते शनिवार पेठेत आणि कसब्यात जाऊन पाहावे. दाराच्या चौकटी वाकलेल्या, सागवानी खांबांना वाळवी लागलेली, पावसाळ्यात भिंतीला टेकू दिलेले. माझ्या परिचयाचे एक कुटुंब अशा वाड्यात चार पिढ्या राहते. मागल्या बाजूची भिंत फुगली तेव्हा त्यांनी दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज केला. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, नकाशे, छायाचित्रे, पुन्हा नकाशे. परवानगी येण्याआधी पावसाळा आला आणि भिंत बसली. सुदैवाने त्या खोलीत कोणी नव्हते. घरातल्या आजींचे एक वाक्य मला विसरता येत नाही. “अहो, वाडा जपायचा म्हणतात. आमचाही वाडाच आहे की!”

या वाक्यापुढे कायद्याचे पुस्तक मिटून विचार करावा लागतो. कारण आजींचे म्हणणे इतिहासाच्या दृष्टीनेही खरे आहे. शनिवारवाडा एकटा कधीच नव्हता. त्याच्याभोवती कारकून, कारभारी, वैद्य, शास्त्री, सराफ, तांबट, गवंडी यांची घरे होती म्हणून तो होता. कात्रजचा नळ त्या घरांनाही पाणी देत होता. तटाची भिंत ‘वारसा’ आणि तिच्यापासून पन्नास पावलांवरचा चौसोपी वाडा म्हणजे नुसती ‘धोकादायक इमारत’, अशी वाटणी पेशव्यांच्या काळच्या माणसाला कळलीच नसती.

सगळा दोष कायद्यावर टाकणेही बरोबर नव्हे. पुण्यातले वाडे पडण्याची कारणे अनेक आहेत. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात नेले. भाडे जुने, भाडेकरू अनेक, मालकांच्या वाटण्या झालेल्या. मग दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? जेथे हा कायदा लागू नाही तेथेही वाडे पाडून वसाहती झाल्याच आहेत. पण तेथे रहिवाशाला निदान पक्के घर तरी मिळाले. शंभर मीटरच्या आत वाडाही टिकत नाही आणि घरही मिळत नाही. स्मारक वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने स्मारकाभोवतीचे जिवंत पुणे हळूहळू मरावे, यात कोणाचे हित आहे?

हा नियम सर्वांनाच सारखा कठोर ठरतो, असेही नाही. पुण्यात मेट्रोचा मार्ग आखताना नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसचा प्रतिबंधित परिसर आडवा आला. तेव्हा मार्ग वळवून कल्याणीनगरमधून नेण्यात आला. कायद्याचा मान राखला गेला ही चांगलीच गोष्ट. पण रेल्वेला मार्ग वळवता येतो. ज्याचे घरच त्या वर्तुळात आहे त्याने घर कुठे वळवायचे? शासकीय प्रकल्पांना सवलत देण्यासाठी कायद्यात आणखी दुरुस्ती करण्याचे विधेयक लोकसभेने २०१८ च्या आरंभी मंजूर केले होते. ते पुढे राज्यसभेत अडले. त्या चर्चेतही जोर होता तो सार्वजनिक कामांवर. वर्तुळात राहणाऱ्या माणसाची आठवण मागेच राहिली.

उपाय कायद्यातच आहे

यातून वाट नाही असे नाही. आणि ती वाट शोधायला कायदा मोडावा लागत नाही, उलट तो पुरा पाळावा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनेच राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन केले आणि प्रत्येक स्मारकासाठी त्या त्या परिसराचा अभ्यास करून स्वतंत्र वारसा उपविधी तयार करावेत, असे सांगितले. कुठे किती उंची चालेल, दर्शनी भाग कसा असावा, कोणते साहित्य वापरावे, हे स्मारकागणिक ठरावे हा त्यामागचा विचार. देशात केंद्रीय संरक्षणाखाली साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत आणि हे काम फार सावकाश चालले आहे. पेठांच्या मधोमध असलेल्या शनिवारवाड्यासारख्या स्मारकांना या कामात अग्रक्रम मिळायला हवा. त्यासाठी पुरातत्त्व खाते, महापालिका आणि रहिवासी यांनी एका टेबलाशी बसावे लागेल. वर्तुळातील घरांची मोजणी, प्रत्येकाची स्थिती, जपण्याजोगे वाडे कोणते, मोडकळीस आलेले कोणते, याचा घरनिहाय आराखडा पाहिजे. जपण्याजोग्या वाड्यांच्या मालकांना दुरुस्तीसाठी पैसा आणि कारागीर यांची मदत मिळावी, आणि अर्जाचा निकाल पावसाळ्यापूर्वी लागावा. एवढे झाले तरी त्या आजींचे समाधान होईल.

हे अशक्य नाही. शनिवारवाड्यासमोरच्याच नाना वाड्याची आणि बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्याची दुरुस्ती याच शहराने करून दाखवली आहे. १८७९ च्या आगीत विश्रामबाग वाडा जळाला तेव्हा तर त्याच्या उभारणीसाठी पुणेकरांनी वर्गणीही दिली होती. पुणेकर खिशात हात घालत नाही, ही थट्टा निदान या बाबतीत खोटी आहे.

दुसरे काम जमिनीखालचे. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना जुने भुयारी पाण्याचे मार्ग सापडले. २०२१ च्या आरंभी मंडईच्या मेट्रो स्थानकाच्या खोदकामात मोठ्या प्राण्याची हाडे निघाली आणि ती हत्तीची असावीत असे अभ्यासकांनी सांगितले. शनिवारवाड्याजवळचे कसबा पेठ स्थानकही २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाले. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या परिसराचे नाव येते. म्हणजे पुणे हे पेशव्यांच्या हजार वर्षे आधीपासून नांदते गाव. अशा गावात कुदळ मारली की काहीतरी लागणारच. हनोईने संसदभवनाच्या आधी खोदून पाहिले. आपल्याकडे बांधकाम करणाऱ्या यंत्राला काही लागले तर दोन दिवस बातमी होते आणि पुढे काय झाले ते कोणाला कळत नाही. जुन्या पेठांत खोल पाया खणण्यापूर्वी पुरातत्त्वाच्या माणसाने जागा पाहिलीच पाहिजे, आणि जे निघेल ते शहरातच, लोकांना दिसेल असे ठेवले पाहिजे, एवढा नियम आपण का करू नये? मेट्रो स्थानकात प्रवासी गाडीची वाट पाहत असतात. तेथे काचेआड ठेवलेला कात्रजच्या नळाचा एक तुकडा मुलांना जे शिकवील, ते पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांना जमायचे नाही.

तिसरे काम आतल्या ओस चौथऱ्यांचे. ह्वेप्रमाणे महाल पुन्हा बांधावा काय? माझे मत नाही असे आहे. ह्वेच्या महालाची छायाचित्रे होती. शनिवारवाडा जळाला तेव्हा छायाचित्रणाची कला जन्मलीही नव्हती म्हटले तरी चालेल. जे आपल्याला अंदाजाने बांधावे लागेल, ते चित्रपटाच्या सेटसारखे दिसेल. पण न बांधताही दाखवता येते. आपल्याजवळ साधने थोडी नाहीत. १७९० मध्ये चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाने पेशव्यांच्या दरबारात तह केला, त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र आहे. पुण्यात येऊन राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने ते केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गणेश रंगमहालाचे सुरूचे नक्षीदार खांब, कमानी, मागची गणेशमूर्ती, त्यात सारे दिसते. वेल्सबरोबर काम केलेला गंगाराम तांबट तर पुण्याचाच चित्रकार.

आणि लंडनला तरी कशाला जायचे? शनिवारवाड्यापासून फार दूर नाही अशा पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे सुमारे एकोणचाळीस हजार रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. तो त्या साठ्याचा अगदी थोडा अंश. सुतारांच्या मजुरीपासून हत्तींच्या दाणागोट्यापर्यंतचा हिशेब त्या मोडी कागदांत आहे. म्हणजे जोती एका आवारात, कागद दुसऱ्या इमारतीत, चित्र परदेशात, आणि माणसे पेठेतल्या पडक्या घरांत, अशी शनिवारवाड्याची पांगापांग झाली आहे. ती एकत्र आणणे हे खरे जतन. प्रत्येक जोत्यापाशी त्या महालाचे चित्र, त्याच्या बांधणीचा एखादा मूळ हिशेब आणि त्याचे सोपे मराठीत लिप्यंतर, वाड्याची मोठी लाकडी प्रतिकृती, मोडी वाचू शकणारे चार तरुण वाटाडे. यांसाठी फार खर्च लागत नाही. मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात चालतात. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे काम आनंदाने करता येईल.

शनिवारवाड्याच्या पटांगणाने विसाव्या शतकात मोठमोठ्या सभा ऐकल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात आचार्य अत्र्यांना ऐकायला तेथे पुणे लोटत असे. त्या गर्दीत तटाच्या आत काय आहे याची चौकशी फारशी कोणी केली नसेल. तेव्हा लोकांना तो तट पाठीशी असणेच पुरेसे होते. आजच्या पिढीला ते पुरणार नाही. तिला जगातले राजवाडे घरबसल्या पडद्यावर दिसतात. ती साधा, सरळ प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाले नाही की फोटो काढून निघून जाते.

त्या दिवशी मी तटावरून खाली उतरत होतो तेव्हा तो मुलगा कारंज्याच्या काठाशी एकटाच उभा होता. पाकळ्या मोजत होता. सोळा झाल्या तेव्हा त्याने वडिलांना हाक मारली आणि विचारले, “याच्यात पाणी कसे यायचे?” वडिलांना माहीत नव्हते. जवळ फलकही नव्हता. मी त्याला कात्रजच्या नळाची गोष्ट सांगितली, आणि हाच नळ बाहेरच्या पेठेतल्या घरांनाही पाणी द्यायचा हेही सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग ती घरे बघायला कुठून जायचे?”

मी त्याला शनिवार पेठेकडे जाणारा रस्ता दाखवला. ती घरे अजून आहेत. आणखी किती पावसाळे राहतील, ते आपल्यावर आहे.